साळवेमामांचं लिमिट

दहाची नोटसुद्धा उन्हात धरून पाहिल्याशिवाय आमचे शेजारी साळवेमामा खिशात टाकत नाहीत. दूधवाल्यावर त्यांचा शक, पाणी सोडणाऱ्या लाइनमनवर शक, आणि जिन्यात कोणी हसून बोललं तर त्याच्यावर डबल शक. "आपल्याला शक हाय," एवढं म्हणून ते दार लावून घेतात. असा माणूस चार-पाच बँकांची क्रेडिट कार्डं बाळगतो हे कळलं, तेव्हा मला त्यांच्यावरच शक आला.

त्यात अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून त्यांनी माझं नाव नि नंबर दिलेला. उद्या मामा पसार झाले की वसुलीवाले माझ्याच दारात बसणार! माझी झोप उडाली.

मामा शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे. खर्च म्हणाल तर नावाला. प्रत्येक कार्डावर महिन्याला एखादी साबणवडी घ्यायची आणि बिल मुदतीच्या आधीच भरून टाकायचं. बँकेतून फोन आला की आपण कापतो. मामा "बोला ताई" म्हणत खुर्ची ओढून बसतात आणि लिमिट वाढवून घेतात.

"एवढं लिमिट कशाला हो, मामा?"

"टाकी मोठी पायजे, सर. उपसायची नाय, भरून ठेवायची." मग बारीक डोळे करून, "तुमी काहून विचारता?"

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता आणि शहराबाहेर इमारती मात्र उगवतच होत्या. आमच्या नव्या वसाहतीला टँकरशिवाय पाणी नव्हतं. टँकर आला की मामा आपल्या ड्रमला खेटून उभे राहत, काही झालं तरी हलत नसत. त्या सकाळी पाइप त्यांच्या ड्रमात पडला आणि फोन वाजला, टुंग! मामा ड्रम सोडून थेट जिन्यामागं गेले. मी चोर पकडायला निघाल्यासारखा मागोमाग.

"कोणाचा मेसेज?" मी दरडावलंच.

मामांचे डोळे भरले होते. कधी कोणाला फोन न दाखवणाऱ्या माणसानं तो माझ्या हातात दिला. "वाचा बरं. इंग्लिश हाय."

पुण्यातल्या एका शालेय गणवेशाच्या दुकानात त्यांचं कार्ड वापरलं गेलं होतं.

"अहो, कार्ड चोरलं कोणी!"

"नाय हो. सुजातानं."

सुजाता ही त्यांची एकुलती एक लेक. होणाऱ्या जावयावर शक, म्हणून मामा लग्नाला नाही म्हणाले. ती निघून गेली ती गेलीच, एवढं मला ठाऊक होतं. मामांनी आपल्या कार्डांना जोडून तिच्या नावाची कार्डं काढून तिच्या मैत्रिणीच्या हाती पाठवली, हे आत्ता कळलं. ती बोलत नाही. पण अधूनमधून काहीतरी किरकोळ घेते आणि इकडे टुंग वाजतं.

"मग एवढं लिमिट?"

"उद्या तिला मोठी नड आली, तर मशीननं नाय म्हणू नये. म्या एकदा म्हणलं, तेवढं बस झालं."

बाहेर मामांचा ड्रम भरून वाहत होता, बायका ओरडत होत्या. मामांना पत्ता नव्हता. त्यांनी फोन परत घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"शाळेचा ड्रेस घेतला, म्हंजे लेकरू शाळेत चाललंय. नातू हाय का नात, तेवढं मेसेजात येत नाय."