कुणीतरी पियानोला हात लावतंय

नवलकर मॅडमच्या घरात शिरायचं तर आधी दारात बोटं दाखवावी लागतात. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर सोसायटीचे चेअरमन. मॅडम जाळीच्या दारातून नखं तपासतात, मगच कडी निघते. "पियानोला कुणीतरी हात लावतंय," त्या म्हणतात. "संशय नाही, खात्री आहे."

मॅडम बहात्तर वर्षांच्या. नेरूळला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. लहानपण गिरगावात गेलं. घरी पियानो ठेवायला जागा नव्हती, म्हणून रोज शाळेआधी त्या एका गोवेकर मास्तरांच्या घरी सराव करायच्या आणि मास्तर दाढी करता करता आतून चुका सांगायचे. पुढे स्कॉलरशिप मिळवून व्हिएन्नाला गेल्या, परत येऊन तीस वर्षं मैफिली केल्या. लग्न केलं नाही. नवऱ्याने पियानोचं झाकण उघडं टाकलं असतं, हे कारण.

नेरूळला आल्या तेव्हा पियानो लिफ्टमध्ये मावेना. वाशीच्या मार्केटमधले साताऱ्याकडचे सहा माथाडी बोलावले. त्यांनी तो जिन्याने पाच मजले चढवला आणि मॅडम पायरी-पायरीला नजर ठेवत मागून चढल्या. शेवटी मुकादम वैतागून म्हणाला, "बाई, आमी काय तुमची पेटी घिऊन पळनार व्हय?" मॅडमना ही शक्यता तोवर सुचली नव्हती. त्या दिवसापासून झाकणाला कुलूप आहे.

शेवटची मैफल त्या अर्ध्यात सोडून उठल्या होत्या. हॉलवाल्यांनी वरचे सूर मुद्दाम बिघडवले, असं त्यांचं म्हणणं. नंतर कधी स्टेजवर गेल्या नाहीत.

आणि यंदा घरचा पियानोही बिघडायला लागला. झाकणाला कुलूप होतं, तरी मॅडमच्या लेखी संशयित दोन. शेजारच्या सारसोळे गावातून कामाला येणारी हिराबाई, आणि मी, कारण फ्लॅटची दुसरी किल्ली माझ्याकडे. मॅडमनी सापळा म्हणून झाकणावर टाल्कम पावडर पसरली. हिराबाईने धूळ समजून ती पुसून टाकली. मॅडमच्या मते पुरावा नष्ट झाला. हिराबाई मला म्हणाली, "आमच्या घरान बँजो पार्टी हाय. ही रडकी पेटी कोन वाजवल?"

मी हसले. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी ती लादी पुसत असताना मी उगाच तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा लादी पुसायला लागली. मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. "वैशाली, तू मला मुलीसारखी आहेस. किल्ली परत दे." मी दिली. घरी येऊन रडले.

महिन्याने पियानोचे सूर लावायला डिसोझा आले, तेव्हा मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं आणि विचारलं, पियानोला हात कोण लावतं? त्यांनी आधी मॅडमच्या दाराकडे पाहिलं.

"कोणीच नाय. पियानो एकदम ओके आहे. मॅडमचे कान गेलेत. वरचे सूर त्यांना बेसूर ऐकू येतात. मी तासभर नुसती खुटखुट करतो. माझे बाबा त्यांचा पियानो लावायचे. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मीही सांगितलं नाही. पण चार दिवसांनी दुपारी मॅडमनी माझी बेल वाजवली. मला घरात नेऊन पियानोशेजारी बसवलं, कुलूप काढलं आणि अगदी वरची एक पट्टी दाबली.

"हा सूर तुला कसा वाटतो?"

बिघडलाय म्हटलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं आणि खापर हिराबाईवर फुटलं असतं. मी म्हटलं, "चांगला आहे, मॅडम. अगदी नीट."

तुला हे कुणी पढवलं, असं त्या विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"त्या हॉलमध्येच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या.

मग त्या वाजवायला लागल्या. पुढ्यात कागद नव्हता आणि पट्ट्यांकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. वरचे सूर आले की डोळे बारीक करून आणखी निरखून बघायच्या.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. तरी तुकडा संपेपर्यंत मी मान खाली घातली नाही.