आपल्या दारात

"परदेशी व्यापार म्हणजे काय मोठी भानगड आहे? आपण माल तयार ठेवायचा, त्यांनी घेऊन जायचा. संपलं!" अप्पांनी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं.

अप्पांचा दारं बनवण्याचा कारखाना होता. त्यांचा माल पहिल्यांदाच बोटीवर चढणार होता, तोही घरच्याच माणसाकडे. अप्पांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, समुद्रापलीकडे इमारती बांधत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. नव्या इमारतीसाठी त्यांनी एकशे चाळीस दारं मागवली होती.

बंदरावरच्या एजंटाने बजावलं होतं, "अप्पा, करारात ती तीन इंग्रजी अक्षरं टाका. एफओबी, सीआयएफ, काय ठरेल ते. गाडी कुणी बोलवायची, बोटीचं भाडं कुणी भरायचं, सगळं त्यात येतं."

"ती अक्षरं परक्यांसाठी हो! आम्ही व्याही-व्याही. सरळ मराठीत लिहू."

आणि त्यांनी झोकात लिहिलं: 'माल आपल्या दारात मिळेल.' रावसाहेबांनी उलट टपाली सही केली. अप्पांची छाती दोन इंच फुगली.

दारं तयार झाली. अंगणात रचली, ओसरीवर रचली, शेवटची वीस कारखान्याच्या दारालाच टेकवून ठेवली. रावसाहेबांची गाडी येईना. कारखान्याचं दार उघडेना. अप्पा खिडकीतून आत-बाहेर करू लागले! शेवटी त्यांनी फोन लावला.

"रावसाहेब, आपली गाडी कधी येणार?"

"आमची? अहो, माल तर आपण पोचवणार! आपणच लिहिलंय, 'आपल्या दारात'. म्हणजे आमच्या दारात!"

"छे! आपल्या म्हणजे आमच्या!"

"तेच म्हणतोय मी, आमच्या!"

"तुमच्या आमच्या नव्हे, आमच्या आमच्या!"

अप्पा पेटले. "माझ्या कारखान्यावर पाटी आहे, 'आपल्याकडे उत्तम दारं मिळतील'. ती वाचून आजवर कुणी घरी जाऊन वाट बघत बसलंय?"

"आणि आम्ही व्याह्यांना मानाने 'आपण' म्हणतो. आपल्यात मानाची पद्धत नसेल तर तसं सांगा!"

"आपल्यात म्हणजे कुणात?" अप्पा गरजले आणि फोन आपटला. "एक छदाम भाडं देणार नाही! दारं इथे कुजली तरी चालतील!"

तिकडे रावसाहेबांनीही हेच ऐकवलं म्हणे, फक्त दारं सोडून.

बोट शुक्रवारी सुटणार होती. पुढची थेट महिन्याने. बुधवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, आम्ही त्याच इमारतीत राहायला आलोय, ठाऊक आहे ना? एकाही खोलीला दार नाही. न्हाणीघराला चादर टांगलीय मी! पलीकडच्या खोलीत सासरे. वारा आला की चादर उडते आणि मी अंघोळ करताना मोठमोठ्याने गाणी म्हणते. अजून महिनाभर मी काय काय गाऊ?"

लेक लहानपणापासून लाजाळू, आणि बाप जगाला दारं पुरवणारा! पण नमतं घ्यायचं म्हणजे काय? अप्पा रात्रभर कुशी बदलत राहिले.

गुरुवारी सकाळी एजंट खिडकीतून आत उतरला. "गाडी बाहेर उभी केलीय, बोटीत जागाही धरलीय. कागदावर एवढंच सांगा, भाडं इथे भरणार की तिथे? बाराच्या आत खूण हवी."

अप्पांनी बराच वेळ मिशी चावली. मग रावसाहेबांना निरोप लिहिला आणि विजयी मुद्रेने वाचून दाखवला, "'रावसाहेब, आपलं चुकलं. भाडं आपण भरू.' बघा! मी चुकलो असं कुठे म्हटलंय? मी भरीन असं तरी कुठे म्हटलंय?"

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपलं चुकलं हे मान्य. भाडं आपण भरावं हेही मान्य.'

"शरण आले!" अप्पांनी टाळी वाजवली.

"पण खूण कुठे करू?" एजंट रडकुंडीला आला. "आपण म्हणजे नक्की कोण?"

तेवढ्यात खिडकीतून काकू, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, आल्या. अप्पांचा डबा त्याच रोज अशा उतरून आणत. त्यांनी डबा ठेवला, पदर खोचला आणि एजंटाच्या हातातलं पेन घेऊन 'इथे'च्या चौकोनात ठसठशीत खूण केली.

"अगं, हे काय?" अप्पा ओरडले. "आपण भरू असं ठरलंय!"

"तेच करतेय. बत्तीस वर्षं ऐकतेय मी. 'आपण पाहुण्यांचं बघू', 'आपण माळा आवरून टाकू', 'आपण पहाटे उठून पाणी भरू'. या घरात आपण म्हणजे कोण, ते मला विचारा!" त्या एजंटाकडे वळल्या. "भाडं माझ्या बचतीतून जाईल. माझ्या लेकीच्या दाराचं आहे. उचला ती दारं!"

एजंटाने अप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. तासाभरात अंगण रिकामं झालं, आणि गाडी बंदराकडे निघाली.

अप्पांनी मान ताठ केली. "काही म्हण, चूक आपली नव्हतीच!"

"आपली म्हणजे कुणाची?" काकूंनी डबा उघडता उघडता विचारलं.

दार सताड उघडं होतं, तरी अप्पा तणतणत खिडकीतूनच बाहेर गेले.