वाचकांच्या पसंतीचा बेपत्ता

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता एक निवृत्त मीटर रीडर बल्ब आणायला घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. वय एकाहत्तर, रंग सावळा, अंगात फिकट निळा शर्ट, डाव्या पायाने किंचित लंगडतात. हा मजकूर माझाच. आमच्या वर्तमानपत्राच्या निवेदन खिडकीत मी सतरा वर्षं बसतो. ‘कोणास आढळल्यास कृपया कळवावे’ हे वाक्य हाताला इतकं सवयीचं झालंय की एकदा बायकोने किल्ल्या कुठे म्हणून विचारलं, तेव्हा चिठ्ठीत तेच लिहून ठेवलं होतं.

निवेदन तीन दिवस छापलं. फोन एकच आला, तोही अंक ओला येतो अशी तक्रार करणारा.

शुक्रवारी त्यांची मुलगी खिडकीशी उभी राहिली. ती शिवणकाम करते. मापाची टेप गळ्यातच होती. “भाऊ, बाबांच्या साखरेच्या गोळ्या घरीच राहिल्यात. काहीतरी करा हो.” मी तिला थेट पुरवणीच्या संपादकांकडे नेलं. चांगल्या हेतूने नेलं, याची नोंद असावी.

आमची गूढ पुरवणी, म्हणजे जादू, भुतं आणि त्यांच्या मागावरचे गुप्तहेर, मुख्य अंकापेक्षा जास्त वाचली जाते. मुख्य अंक लोक कपाटात अंथरतात. संपादकांनी निवेदन वाचलं आणि चष्मा काढला.

“बल्ब आणायला गेले? ताई, यात वाचकाला काय मिळणार?”

“वाचकाला कशाला काही? मला माझे बाबा हवेत.”

“अहो, तेच म्हणतोय मी. साधा म्हातारा कोण शोधतो? पण आरशातून नाहीसा झालेला म्हातारा चाळीस हजार लोक शोधतील.”

तिने गळ्यातली टेप काढून मुठीत धरली. मग म्हणाली, “आरशात घाला नाहीतर बाटलीत घाला. मला माणूस मिळाला म्हणजे झालं.”

ही लेखी संमती समजण्यात आली.

पुरवणीतला प्रत्येक शब्द ‘वाचक समाधान कक्षा’कडून तपासून घ्यावा लागतो. कक्षाचं म्हणणं सरळ असतं. भुताला नियम हवेत आणि ते पहिल्याच भागात कळायला हवेत. गुप्तहेराला जुनं दुःख हवं. सुखाचा संसार करणारा गुप्तहेर एकोणनव्वद टक्के वाचकांना चालत नाही. शेवट मात्र असा हवा की वाचकाला तो ओळखता येणार नाही, पण नंतर घरच्यांना ‘मला आधीच कळलं होतं’ असं सांगता येईल.

लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं की मीटरवाल्या काकांना एका घरात उलटा फिरणारा मीटर दिसला आणि तेव्हापासून आरशातले लोक त्यांच्या मागे लागले. कक्षाने लंगडणं खोडलं, कारण लंगडणारा माणूस सुरुवातीपासूनच संशयित वाटतो. त्याऐवजी तळहातावर चमकणारी खूण आणि एक डोळा हिरवा, असं मंजूर झालं.

वाचकांनी उचलून धरलं! रोज एक भाग जात होता. आरसा पटला, खूण पटली, हिरवा डोळा तर फारच आवडला. एकाच गोष्टीवर दोनशे तेरा पत्रं आली. कथेत मुलीची तक्रार पोलीस चौकीत पहिल्याच फेरीत लिहून घेतली जाते, हे कुणालाच पटलं नाही. ‘कल्पनाशक्तीलाही काही मर्यादा असते,’ असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवलं. मी कथेत एकाच्या पाच फेऱ्या केल्या आणि समाधान ब्याण्णव टक्क्यांवर गेलं.

लोक खरोखर शोधायला लागले. केशकर्तनालयांत गर्दी झाली, कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूमच्या बाहेर रांगा लागल्या. सगळे आरशात बघत होते. फूटपाथवर कोण पडलंय हे बघायला कुणाला सवड नव्हती.

पुढच्या बुधवारी, जुन्या अंकातलं निवेदन वाचून, इस्पितळातून एका नर्सचा फोन आला. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी स्कूटरने उडवलेले एक आजोबा तिच्या वॉर्डात होते. खुब्याचं हाड मोडलेलं; पण स्वतःचं नाव, पत्ता, मीटर खात्यातला नंबर, सगळं धडाधड सांगत होते. तिने चौकीलाही कळवलं होतं. हवालदार येऊन तळहात बघून गेला. चौकीच्या फाइलीत आमच्या पुरवणीचं कात्रण लावलेलं होतं. त्याने ‘वर्णन जुळत नाही’ असा शेरा मारला.

मी धावत संपादकांकडे गेलो.

“स्कूटर?” ते म्हणाले. “आपले अजून तीन भाग बाकी आहेत आणि शेवटी स्कूटर? वाचक आपल्याला उभे चिरतील!”

मी त्या दिवशी गप्प बसलो. सहावा भाग लिहायचा होता. या गोष्टीची मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी. गुरुवारी सकाळी मात्र राहवेना. मी त्या मुलीला फोन केला आणि स्वतःही इस्पितळात गेलो.

ती वॉर्डात पोहोचली तेव्हा हवालदारही आलेला होता.

“अहो, माझा बाप आहे तो!”

“तुमचा असेल, ताई. पण बेपत्ता झालेला हा नाही.”

शेवटी मी माझ्या सहीने लिहून दिलं की खूण आणि डोळा दोन्ही माझ्या मनचे आहेत. त्या कागदावर वडील मुलीच्या ताब्यात मिळाले. तिने त्यांचे पाय धरले आणि ती रडतच राहिली. तेही रडत होते, मधेच ‘बल्ब आणला का गं?’ म्हणून विचारत होते.

त्यांना स्ट्रेचरवरून घरी आणेपर्यंत दारात वाचक जमले होते. एका भल्या बाईंनी पुढे होऊन आजोबांचा तळहात उलटासुलटा करून पाहिला.

“आजोबा, खरं सांगा. काय काय दिसलं?”

“शेजारच्या खाटेवर एक जण आहे,” ते म्हणाले. “शिडीवरून पडलाय. अकरा दिवस झाले, त्याला विचारायला कुणी आलेलं नाही. त्याचं बघा कुणीतरी.”

“शिडीवरून म्हणजे... त्याला कुणी ढकललं?”

“नाही हो. पाय घसरला.”

बाईंनी हात सोडला. “फसवणूक आहे ही शुद्ध,” मागून कुणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत दार मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी निवेदनाचा कोरा फॉर्म घेऊन वॉर्डात गेलो. शेजारच्या खाटेवर नवी चादर होती. “आज सकाळी वारला तो,” नर्स म्हणाली.

मी वही काढली. शेवटी काही बोलला का, म्हणून विचारलं. उशाखाली काही सापडलं का, हेही विचारलं. चेहऱ्यावर भीती दिसत होती का?

नर्स माझ्याकडे बघत राहिली. “आणि नाव? ते नको?”

मी ओशाळलो. तिने नाव सांगितलं, ते मी नीट लिहून घेतलं. इथेही ते छापायचं होतं. पण मजकूर कक्षाकडून आला तेव्हा ती ओळ खोडलेली होती. समासात शेरा होता: ‘वाचकांनी विचारलेले नाही.’