रुग्णालयाच्या कर्नलाची डागडुजी

हकिकत ऐसीजे. थोरल्या रुग्णालयी एक मुख्य संगणक, चारशे खाटांच्या रक्तगटाचा व तपासण्यांचा कारभार त्यावर, आणि त्याचे गर्भी कर्नल नामे खलबतखाना, सर्व किल्ल्या तेथे. मंगळवारी वर्तमान आले की त्या कर्नलास भोक आहे, यःकश्चित खातेदारही तेणे शिरून सर्वाधिकारी होतो, आणि बुजविण्यास पॅच नामे ठिगळ सिद्ध आहे. मग संगणक विभागाच्या बाईंनी, ज्यांस सारे ताई म्हणत, प्रशासक साहेबांचे हुजुरात अर्ज गुजारला, की पॅच चढविण्यास यंत्र एकवार बंद करून चालू करण्याची परवानगी व्हावी.

साहेब मसलतीत कसलेले, संगणकावर केवळ पत्ते खेळणारे. अर्ज वाचोन फर्माविले, "हे कर्नल कोण? वेळ घेऊन यायला सांगा त्यांना." खुलासा होताच दुसरा हुकूम सुटला, की तीन वर्षे यंत्र बंद नाही हा आमचा लौकिक, तो मोडू नये, आणि समिती नेमली, आणि समितीने उपसमिती नेमली, आणि उपसमितीने बिस्किटांचा फन्ना उडविला.

शुक्रवारी ताईंनी साहेबांस नोंदणीच्या खिडकीशी पाचारिले. त्या खिडकीच्या संगणकी खात्यातून रुग्णाच्या नाव-पत्त्यापलीकडे काही दिसत नसे.

"इथून तुमचा रिपोर्ट उघडू?"

"खुशाल उघडा. उघडणारच नाही."

ताईंनी त्या भोकातून शिरणारी एक आज्ञा यंत्रास दिली. रिपोर्ट उघडला.

"रक्तगट बदलू?"

"अहो, हात लावू नका!" ऐसे वदोन साहेब घामाघूम जाहले आणि उभ्या उभ्या परवानगीवर शिक्का उमटला.

मग दुपारी दोन वाजता, यंत्र बंद असता नोंदी लिहावयास वॉर्डावॉर्डांत कागद वाटोन, ताईंनी पॅच चढविला. यंत्र उठले, परंतु प्रयोगशाळेची उपकरणे त्याशी बोलेनात. तोच सिस्टरांचा फोन आला, "ताई, बाळंतिणीला रक्त लागतंय, रिपोर्टच दिसत नाही!" ताईंनी तत्काळ प्रयोगशाळेत आज्ञा धाडिली, की उपकरणावरून अहवाल कागदी उतरून घ्यावा; आणि तंत्रज्ञ तो घेऊन तीन जिने धावत चढला, आणि रक्त वेळेवर पोहोचले. साहेब त्या समयी तातडीच्या बैठकीस गेले होते. बैठक कोणाशी, हे कोणास ठाऊक नाही. अकरा मिनिटांत ताईंनी नव्या कर्नलाजोगा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणांचा दुभाषी, बसविला, आणि उपकरणे बोलती जाहली. मग ताई पुन्हा खिडकीशी बसल्या, तीच आज्ञा दिली. यंत्राने साफ नाकारिली.

सोमवारी साहेबांचे परिपत्रक निघाले, की आमच्या दूरदृष्टीने संकट टळले. त्यात एसी दुरुस्त करणाराचेही आभार, ताईंचे नाहीत. ताईंनी ते वाचले, पडद्यावरील "वाचले" ही कळ दाबिली, आणि बाळंतिणीस पाहावयास वर गेल्या. येणेप्रमाणे कर्नल राखिला. फत्ते ताईंची, फेटा साहेबांचा. लिहिणाराने पाहिले तैसे लिहिले.