वन्संनी न खोडलेली अफवा

ये, अशी जवळ बस. खुर्चीत नको, इथे माझ्या शेजारी. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. परवा फोनवर विचारलंस ना, "त्या एड्सवाल्या बाईकडून साडीला फॉल लावून घेतेस, भीती नाही वाटत?" एवढी शिकलीस आणि असं विचारतेस? तुझं नशीब, फोन मी उचलला. वन्संनी उचलला असता तर तुझा कान अजून लाल असता.

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुमन. लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाल्यापासून इंदिरानगरला आमच्याकडेच असतात. सगळी बिल्डिंग त्यांना आत्या म्हणते. तर ह्या आत्यांना चुकीचं बोललेलं सहन होत नाही. कोणाचंही. सत्यनारायणाला गुरुजी संकल्पात पौर्णिमा म्हणाले, तर ह्यांनी चक्क पूजा थांबवली. "असं नसतं हो गुरुजी. अकरापर्यंत चतुर्दशी आहे." गुरुजी बिचारे घाबरून मोबाइलमध्ये पंचांग बघायला लागले! रिक्षावाल्याला रस्ता सांगतील, भाजीवाल्याला कोथिंबीर ओळखायला शिकवतील, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीलासुद्धा सोडत नाहीत. मी एकदा म्हटलं, "वन्सं, डोकं दुखतंय माझं." तर म्हणाल्या, "असं नसतं वहिनी, मान दुखतेय तुमची. उशी बदला." आणि खरंच मानच निघाली गं!

आमच्या तळमजल्यावर रेखा राहते. चांदवडकडची. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही आला, नवरा गेला, ही फॉल-पिको करून पोट भरते. गोळ्या अगदी नेमानं घेते. त्या गोळ्यांवरूनच कोणीतरी शोध लावला आणि झालं सुरू. सुई तिच्या बोटाला टोचते, रक्त साडीला लागतं, ती साडी नेसली की संपलं म्हणे. एकीनं डासांचं काढलं. समोरच्या दातार वहिनींनी तर जिन्याच्या कठड्याला हात लावायचं सोडलं, आणि तेही गुडघे दुखत असताना! रेखाकडे साड्या येईनाशा झाल्या. घरमालकानं तिला बजावलं, गाऱ्हाणी थांबली नाहीत तर महिनाअखेरीला खोली सोड.

वन्सं जिन्यातच म्हणाल्या, "असं नसतं."

"मग कसं असतं, आत्या?" दातार वहिनींनी विचारलं.

आणि काय सांगू, वन्संना सांगता येईना! जन्मात पहिल्यांदा. रात्री जेवल्यासुद्धा नाहीत धड. सकाळी उठल्या त्या थेट सरकारी दवाखान्यात. तिथं एचआयव्हीची माहिती देणारी मुलगी बसते, तिच्या खोलीबाहेर बाकावर नंबर लावला आणि आत गेल्यावर तिला भंडावून सोडलं. डास चावला तर? नाही आजी. उष्टा कप? नाही आजी. बोटाला सुई टोचलेल्या बाईनं शिवलेली साडी? "नाही हो आजी. असुरक्षित शरीरसंबंधातून होतो, बाधिताचं रक्त अंगात गेलं तर होतो, आईकडून बाळाला होऊ शकतो. साडी नेसून नाही होत."

"मग लोक का म्हणतात?"

"ते तुम्हीच मला सांगा," ती पोरगी म्हणाली.

पण त्याच दिवशी दातार वहिनी गुडघा दाखवायला तिथंच गेलेल्या. त्यांनी वन्संना त्या बाकावर पाहिलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, आत्यांनाही आहे! अगं, सत्तरीच्या, बिनलग्नाच्या वन्संना!

आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. डाळ वाटली, पातेलंभर पन्हं केलं. बिल्डिंगमधली एकही बाई आली नाही. फक्त रेखा आली, तीही दारातच घुटमळत.

ती गेल्यावर मी तडकले. "अहो, सांगून टाका ना त्यांना! चौकशीला गेले होते म्हणा!"

गुरुजींना न सोडणाऱ्या वन्सं पन्हं ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, 'मला नाही हो, मला नाही' असं मी ओरडत सुटले, तर तिला असणं हा गुन्हा ठरतो."

माझ्या सासरचं माणूस आहे हे, असं वाटून ऊर भरून आला माझा.

दुसऱ्या दिवशी पाणी भरायच्या वेळी सगळ्या खाली जमल्या होत्या. वन्सं जिन्यात उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं माझं कैरीचं लोणचं घरोघरी जातंय. हातानं कालवते मी. आता तुम्हीच हिशेब करा." एवढंच बोलून वर आल्या. आहे म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

पुढची गंमत ऐक. दातार वहिनी गुपचूप तपासणीला गेल्या, तर बाकावर तिसऱ्या मजल्यावरची कल्पना आधीच बसलेली!

"अगं, तू इथे?"

"मी... तुमचा गुडघा कसा आहे ते बघायला आले."

दवाखान्यातल्या त्या माहिती देणाऱ्या मुलीनं दोघींना समजावलं, की बायांनो, लोणच्यातून कुणाला काही होत नाही. परत येताना दोघी एकाच रिक्षानं आल्या आणि दातार वहिनींनी आपली जांभळी पैठणी रेखाकडे टाकली. मग आमच्या दारात येऊन चाचरत म्हणाल्या, "आत्या, म्हणजे तुम्हाला खरंच...?"

वन्सं म्हणाल्या, "पिको बारीक करायला सांगा. पैठणीची कड सुटते."

सगळ्या काही अजून येत नाहीत. पण रेखाचं मशीन चालू आहे, खोली सुटली नाही. आता ती ब्लाउजही शिवते. परवा वन्संना म्हणाली, "आत्या, पहिला तुमचा शिवते." वन्सं हात पसरून उभ्या राहिल्या. पोरीनं दंड मोजला, पाठ मोजली, खांद्यावरून पट्टी फिरवली. मी दारात होते. वन्संनी डोळे मिटले होते गं.

"झालं आत्या. हात खाली घ्या."

वन्संनी हात तसेच ठेवले. म्हणाल्या, "असू दे. आणखी एकदा घे माप. घाई काय आहे?"

निघालीस? बरं. पण पुन्हा लवकर ये, चांगली चार दिवस राहायला ये. आणि येताना एक ब्लाउजपीस घेऊन ये, बाई.