चौमासातलं बिऱ्हाड

बोदवडच्या रतनलालशेठच्या अंगणातला कडुनिंब पन्नास वर्षांत कधी कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. पण सदुसष्ट सालच्या भाद्रपदात, ऐन संवत्सरीच्या, म्हणजे जैनांच्या पर्युषणातल्या शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळी असा वारा सुटला की त्याची मांडीएवढी जाड फांदी बुंध्यापाशी कडाडली आणि अर्धी तुटून, अर्धी सालीला धरून पत्र्याच्या छपरावर लोंबकळत राहिली. त्या छपराखाली पानबाईंची खोली होती. पानबाई म्हणजे रतनलालच्या आई. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्या दिवशी त्यांच्या अठाईचा, म्हणजे निव्वळ उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या आठ उपासांचा, शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी घेऊन त्या पारणं करणार होत्या.

"बाईंना आज मागच्या खोलीत झोपवू या," रतनलालची बायको लाडकुंवर म्हणाली.

"बाई? आणि अठाईत खोली सोडतील? तू या घरात नवी आहेस का?"

लाडकुंवर त्या घरात बावीस वर्षं होती. पर्युषणात बाई खोली बदलत नाहीत, हा त्या घरातला कायदा होता. तो कुणी केला, कधी केला, हे विचारायची सोय नव्हती. शिवाय आठ दिवसांच्या उपाशी जिवाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, अशी वैद्यांची ताकीद होती. म्हणून फांदीचं बाईंना सांगायचंच नाही, असं ठरलं.

फांद्या उतरवण्यात जहांगीरचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. त्याला तातडीनं बोलावलं. त्यानं खालून वर बघितलं, बाजूला होऊन पुन्हा बघितलं, आणि डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"शेठ, फांदीचं काही नाही. पण तिच्यावर बिऱ्हाड हाये."

पानांच्या आड घागरीएवढं मातकट पोळं लटकलं होतं. गांधीलमाश्या. एक चावली तर माणूस घर डोक्यावर घेतो, दहा चावल्या तर घरच्यांना त्याला उचलून न्यावं लागतं.

"काढता येईल ना?"

"काहून नाही? बांबूले पलिता बांधतो, रॉकेल लावतो. दोन मिनिटांत बठ्ठं साफ."

रतनलालचा चेहरा उतरला. "जहांगीरभाई, एकसुद्धा मरता कामा नये."

"एकसुद्धा?"

रतनलालची अडचण खरी होती. तीन वर्षांपूर्वी बाईंच्या खाटेच्या पायाखाली एक पाल चिरडली होती. तेव्हा त्यांनी पारणं पुढं ढकलून आणखी तीन उपास ठोकले होते आणि अकराव्या दिवशी घरात वैद्य आणि रडारड दोन्ही एकदमच सुरू झालं होतं. आता तर बाईंच्या जिवासाठी शेकडो जीव जाळले असं कळलं, तर त्या उपास किती दिवस लांबवतील याचा हिशेब करायची रतनलालची छाती नव्हती. फांदी पडली तर आई जाणार, आणि माशी मेली तरी आई जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे गांधीलमाश्या.

"मग पहाटेच करावं लागीन," जहांगीर म्हणाला. "गारव्याले त्या बठ्ठ्या आत राह्यतात. तोंड बुजवू, फांदी घरासकट उतरवू, अन् लांब नेऊन ठेवू."

पहाटे अंधुक उजेड होताच जहांगीर कमरेला दोर बांधून झाडावर चढला. खाली गाडीवान सुकदेवची बैलगाडी उभी केली होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या होत्या आणि पत्र्यावर जुन्या गाद्या पसरल्या होत्या. माणसाच्या श्वासानं माश्या चवताळतात, म्हणून जहांगीरनं तोंडाला काहीतरी मागितलं. रतनलालनं घाईत आपली मुहपत्ती, जैन साधू तोंडावर बांधतात ती पांढरी पट्टी, काढून दिली.

"जहांगीरभाई," सुकदेव खालून कुजबुजला, "दीक्षा कधी घेतली?"

जहांगीरला हसता येईना. पोळं त्याच्या नाकापासून हातभर होतं. त्यानं ओल्या कापसाचा बोळा पोळ्याच्या तोंडात हलकेच दाबला. आत गिरणीचा पट्टा सुटावा तशी घरघर झाली. लाडकुंवरनं दिलेलं भिजवलेलं मलमलचं लुगडं त्यानं पोळ्याभोवती गुंडाळलं, फांदीला दोर टाकला आणि करवत लावली.

करवतीचा आवाज बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून एक युक्ती काढली होती. बाई पहाटे मोठ्यानं प्रतिक्रमणाची, म्हणजे पापांच्या क्षमेची, सूत्रं म्हणत. त्यांचा आवाज चढला की करवत चालायची, त्या श्वास घ्यायला थांबल्या की करवत थांबायची. आठ दिवसांच्या उपासानं बाई वारंवार थांबत होत्या. जहांगीरचा हात भरून आला होता, पण बिचारा सूत्राच्या ठेक्यात कापत होता.

एवढ्यात बाहेर राहिलेली एक पहारेकरीण कुठून तरी आली आणि त्याच्या भुवईवर बसली.

"मारू नको!" रतनलालनं खालून हात जोडले.

जहांगीरनं दोन्ही डोळे मिटले. माशीनं निवांतपणे डंख मारला. ओरडायची सोय नव्हती, म्हणून त्यानं मुहपत्तीसकट दोर दातात धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"चावून ती मेली तर नाही ना रे?" रतनलालनं विचारलं.

"शेठ," जहांगीर दातांतून बोलला, "ही मधमाशी नव्हे. ही मरत नाही. मीच मरतो."

शेवटचा धागा तुटला आणि फांदी दोरावर झोकांडली. सुकदेव आणि रतनलाल दोर सोडत होते. फांदी वीतभर, हातभर खाली आली, आणि वरच्या बेचक्यात दोराची गाठ अडकली. पोळं बाईंच्या पत्र्यावर चार बोटं उरून गिरक्या घेऊ लागलं. कापसाचा बोळा अर्धा बाहेर आला. आणि नेमकं त्याच वेळी आतलं प्रतिक्रमण संपलं.

कुणी हललं नाही. घामानं रतनलालच्या हातातून दोर निसटायला लागला होता.

"रतन," आतून बाईंचा बारीक आवाज आला. "वर कोण आहे?"

रतनलाल कालच गावभर हात जोडून वर्षाच्या चुकांची क्षमा मागून आला होता. संवत्सरीनंतरच्या पहिल्याच सकाळी आईशी खोटं कसं बोलायचं?

"जहांगीर आहे, बाई."

"काय करतोय?"

रतनलालनं वर बघितलं. जहांगीर पालथा पडून एका हातानं बोळा दाबत होता आणि दुसऱ्या हातानं गाठ सोडवत होता.

"सध्या थांबलाय, बाई."

"बरं. थांबू दे," बाई म्हणाल्या आणि माळ ओढू लागल्या.

गाठ सुटली. फांदी गाद्यांना हलकेच टेकून गाडीत उतरली. सुकदेवनं बैलांना आवाजसुद्धा न देता नुसती शेपटी चाचपली आणि गाडी नाल्याकडच्या रानाकडे निघाली. जहांगीर खाली आला तेव्हा त्याचा एक डोळा पुरता बंद झाला होता. रतनलालनं त्याला कडकडून मिठी मारली. असा आनंद त्याला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

पारण्याची वेळ झाली. बाई भिंतीला धरून ओसरीत आल्या. लाडकुंवरनं मुगाच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात दिली. बाईंनी वाटी ओठांशी नेली आणि त्यांची नजर वर गेली.

"फांदी कुठंय?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रतनलालनं सगळं सांगितलं, जहांगीरचा डोळासुद्धा दाखवला.

"एकही मेली नाही?"

"एकही नाही, बाई!"

"मग त्या आहेत कुठं?"

"लांब रानात पाठवल्या. सुखरूप."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "चौमासात? अरे रतन, साधू-साध्वीसुद्धा पावसाळ्याचे चार महिने मुक्काम हलवत नाहीत. आणि तू त्या मुक्या जिवांचं अख्खं गाव उठवून लावलंस? लेकराबाळांसकट?"

"बाई, पारणं तरी..."

"त्यांना जागेवर आण. मी थांबते."

त्या थांबल्या खऱ्या, पण ऊन चढत होतं. रतनलालनं सायकल काढली. नाल्याजवळ सुकदेवची गाडी तशीच उभी होती, कारण फांदी खाली उतरवायची हिंमत त्याला एकट्याला होत नव्हती. रतनलालला त्या भित्रेपणाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. गाडी परत आली तोवर लाडकुंवरनं मुगाचं पाणी तीनदा गरम केलं होतं आणि बाईंच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.

जहांगीर एका डोळ्यानं पुन्हा झाडावर चढला. पोळं असलेला फांदीचा तुकडा घट्ट बांधता येईल असं मजबूत बेचकं एकच उरलं होतं, तेही बाईंच्या खिडकीसमोर. ऊन लागून पोळ्यातली घरघर वाढली होती. त्यानं तुकडा बांधला, लुगडं सोडलं, बोळ्याला लांब दोरी लावली आणि तिचं टोक घेऊन खाली आला.

"ओढा, शेठ."

"मी?"

"बिऱ्हाड तुमचं, शेठ. माझं काम उतरवायचं होतं. ते झालं."

रतनलालनं एकदा आईकडे बघितलं, नवकार मंत्र म्हटला आणि दोरी ओढली. त्यानंतर तो जो पळाला, ते बघायला बोदवडकरांनी तिकीट काढलं असतं. चार डंख मानेला, एक नाकाच्या शेंड्याला. पण त्यानं एकही माशी झटकली नाही. दोन्ही हात पाठीशी बांधून तो स्वयंपाकघरात शिरला आणि घासलेटच्या डब्यावर मटकन बसला.

माश्या हळूहळू शांत होऊन घरी परतल्या. बाईंनी आधी नीट बघून घेतलं, मग वाटी उचलली आणि मुगाचं पाणी घोटघोट घेतलं. लाडकुंवरला तिथंच रडू फुटलं.

थोड्या वेळानं रतनलाल नाकाला ओलं फडकं लावून बाहेर आला.

"बाई, एक गोष्ट राहिली. आता तुमच्या खिडकीतून त्या आत येतील."

"येऊ दे. मी मागच्या खोलीत जाते."

रतनलालच्या हातातलं फडकं पडलं. "तुम्ही खोली सोडाल?"

"खोलीच आहे ना? देह थोडाच आहे?" बाईंनी वाटी लाडकुंवरच्या हातात दिली. "काल फांदी कडाडली तेव्हाच मी माळ आणि चादर गुंडाळून दाराशी बसले होते. म्हटलं, कोणी तरी न्यायला येईल. बरीच वाट पाहिली रे. कोणी आलंच नाही. मग म्हटलं, रतन आहे घरात, पडणारी असती तर त्यानं हलवलंच असतं."

लाडकुंवरनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग ती आत गेली, दाराशी ठेवलेली चादर उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन अंथरली.