घंटेचा कॉम्प्युटर आणि जास्तीची मेमरी

आमच्या जावयाला रिकामी जागा बघवत नाही. तळघरात एक फळी मोकळी दिसली की तो तिथे काचेच्या बरण्या मांडतो, बरण्यांत काही नसलं तरी. गाडीच्या डिकीत बोटभर फट उरली तर तीत छत्री खुपसतो. गेरेऑन त्याचं नाव. मूळचा कोलोन शहरातला, म्हणजे तोंड चालू आणि चिखलाचे बूट घरात. आमच्या रोसविताला त्याच्यात काय दिसलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. उत्तर ऐकून मलाच त्रास झाला असता.

 

आमच्या आयफेल डोंगरातल्या गावात चर्चची घंटा आमचं घर सांभाळतं. माझ्या आज्यानं दोर ओढला, बापानं ओढला, मग माझ्या नवऱ्यानं, सेव्हेरिननं. आमच्या हातून चुकीचा ठोका कधी पडला नाही. हे मी अभिमानानं सांगते आणि कुणी नाही म्हणून दाखवावं. मी शाळेत फार गेले नाही. लढाईत शाळेचं छप्पर उडालं, मास्तर पळाले आणि मला बटाटे काढायला लावलं. पण घंटा मला वाचता येते. आमच्याकडे सगळ्यांनाच येते. मयताची घंटा तीन-तीन ठोक्यांची पडली तर पुरुष गेला. दोन-दोन पडली तर बाई. रस्त्यात असाल तिथे थांबायचं, मोजायचं, आणि कोण आजारी होतं ते आठवायचं. मग शेजाऱ्यांनी त्या घरी जायचं, पण मयताचं नाव आपण काढायचं नाही. घरचे बोलले की बोलायचं. ही रीत चांगली आहे असं मी जन्मभर मानत आले.

सेव्हेरिनचे गुडघे गेल्यावर दोराच्या जागी मोटारी आल्या. वेदीमागच्या खोलीत, मेणबत्त्यांच्या कपाटाशेजारी, एक जुना कॉम्प्युटर बसवला. कुठली घंटा कधी आणि कशी, ते सगळं त्याच्या पोटात. बिचारा वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाजवत होता. बायकोनं गाडी चालवायला घ्यावी तसं सेव्हेरिन त्याच्याकडे बघायचा, पण तक्रारीला जागा नव्हती.

मग सेव्हेरिनच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन ठरलं. रोसविता त्याला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेली आणि घंटा गेरेऑनच्या हाती आली.

निघताना सेव्हेरिन मला म्हणाला, “ओडिलिया, तू बाराची घंटा ऐकशील तेव्हा मी जागा झालेलो असेन.”

“आणि नाही झालास तर?”

“मग तू ये आणि ओरड. उठेन.”

हसत गेला. मी दार लावलं आणि दाराच्या मागे बराच वेळ उभी राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी गेरेऑन कॉफी प्यायला आला, डोळे चमकत. असे डोळे चमकले की मी कपाटांना कुलूप लावते.

“आई, चर्चच्या कॉम्प्युटरमध्ये किती मेमरी आहे माहीत आहे का?”

“मला माझीच पुरत नाही.”

“ऑफिसात जुनी यंत्रं मोडीत काढली, तेव्हा मी त्यांच्या मेमरीच्या पट्ट्या आणून चर्चच्या कॉम्प्युटरमध्ये बसवल्या. आत आता आठ खोल्या आहेत असं समजा. आणि तो वापरतो चारच. पुढच्या खोल्यांचे नंबरच त्याला मोजता येत नाहीत. चार खोल्या नुसत्या बंद!”

“घंटा वाजवायला किती खोल्या लागतात?”

“एक. तीसुद्धा अर्धी.”

“मग?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गाईला चारा कशाला लागतो असं विचारलं. “पण जागा आहे ना, आई. असून वापरायची नाही? मोठे नंबर मोजायची युक्ती त्याच्यात मुळातच आहे, घरगुती कॉम्प्युटरात ती कुलूपबंद ठेवतात एवढंच. मी सकाळी कुलूप काढलं. आता आठही खोल्या उघड्या.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला तिथेच सोललं असतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी म्हटलं, “बाराची घंटा नीट वाजू दे म्हणजे झालं,” आणि बटाटे सोलायला घेतले. चौघांना पुरतील इतके सोलले. घरात मी एकटी होते.

बारा वाजले. पहिला ठोका पडला आणि मला कळलं की ही ती घंटा नाही. बाराची घंटा हलकी, मधली. ही मोठी. तीन ठोके. थांबली. तीन ठोके. थांबली. पुन्हा तीन.

सुरी माझ्या हातातून पाण्यात पडली.

गावात त्या दिवशी दुसरं कुणी आजारी नव्हतं. आमच्याकडे पाच गावांना मिळून एकच फादर. इस्पितळ त्यांना कळवतं, ते घंटेवाल्याला कळवतात. म्हणजे फादरना कळलं, त्यांनी गेरेऑनला कळवलं, आणि गेरेऑननं घरी न येता आधी बटण दाबलं. असा हिशोब मी लावला. हिशोब लावत राहिलं की बाकीचं थोडं लांब राहतं.

ठोके संपतात न संपतात तोच शेजारची हुबेर्टिन आत आली. काळा स्वेटर घातलेला, बटणं खालीवर लागलेली. मागून तिचा नवरा क्विरिन, टोपी हातात. कबरी खणायचं काम गावात क्विरिनकडे असतं.

“बसू का, ओडिलिया?”

“बस.”

“ऐकलंस ना?”

“बहिरी झालेय का मी?”

हुबेर्टिननं मान हलवली, म्हणजे तिच्या लेखी घरची बोलली, म्हणजे खरंच. आणि मी तिची हललेली मान पाहिली आणि मनात म्हटलं, हिला फादरनी सांगितलंय, म्हणजे खरंच. अशी आम्ही दोघींनी मिळून त्याला पक्का मारला, आणि नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नाही.

“भट्टी तापत ठेवलीय,” हुबेर्टिन हळूच म्हणाली. “मयताच्या जेवणाचा चुऱ्याचा केक मी करते. तू नको बघू ते.”

“लोणी कमी घालू नकोस. मागच्या वेळी घशात अडकत होता.”

“खांदेकरी सहाच ना?” क्विरिननं दारातून विचारलं. “नाही, म्हणजे, गेल्या वर्षी वजन जरा वाढलं होतं. आठ सांगू?”

तेवढ्यात फोन वाजला.

आमचा फोन बोळात, भिंतीवर. तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो, जसा कुणी अंगणात लांडगा पाहावा. मला तेव्हा एक गोष्ट पक्की वाटत होती. मी तो उचलला नाही तर इस्पितळवाल्यांना मला सांगता येणार नाही, आणि सांगितलं नाही तोवर सेव्हेरिन कुठेतरी जागा होतोच आहे. फोन थांबला. पुन्हा वाजला.

“मी घेऊ?” हुबेर्टिन उठली.

“हात लावलास तर मोडेन.”

ती बसली. फोन वाजून वाजून दमला.  मग हळूहळू राग आला, आणि देवाशपथ, आला म्हणून बरं वाटलं. गेरेऑनला आधी कळलं. त्यानं गावाला सांगितलं आणि मला नाही. घंटा आमच्या घरची, मयत आमच्या घरचं, आणि मी शेजाऱ्यांबरोबर मोजत बसायचं?

“पाणी आणते,” म्हटलं आणि मागच्या दारानं निघाले. चपला स्वयंपाकघरातल्या, कमरेला ओला ॲप्रन.

कोबीच्या वाफ्यांमधून निम्मी वाट गेले असेन, तर घंटा पुन्हा. मोठीच. दोन ठोके. थांबली. दोन ठोके.

बाई.

मी कुंपणाचा खांब धरला. रोसविता. बापाचं ऐकून ती गाडीत बसली असेल, रडत घाटाला लागली असेल, आणि आमच्या घाटात ओल्या पानांवर रडत गाडी चालवायची नसते. त्या खांबापाशी मी किती वेळ होते मला सांगता यायचं नाही. नवऱ्याच्या बातमीच्या वेळी मी हिशोब करू शकले होते. या वेळी हिशोबच सुचेना. पाय आपोआप चर्चकडे निघाले, एवढंच.

गावात तोवर दाणादाण उडाली होती. पहिल्या घंटेला सगळ्यांना खात्री होती, दुसरीला कुणालाच नव्हती. ज्याच्या त्याच्या घरात म्हातारी होती. खिडक्या उघडत होत्या, “आजी, ओ द्या,” अशा हाका चालल्या होत्या. न्हाव्याकडून एक माणूस अर्ध्या दाढीनं आईला बघायला धावला. आणि चर्चच्या भिंतीपलीकडे क्विरिनचा आवाज आला. तो माझ्या घरून, फावडं उचलून, मला शोधत पुढच्या रस्त्यानं पोचला होता.

“पाणी आणते म्हणाली आणि नाहीशी,” तो कुणाला तरी सांगत होता. “दुःखानं गेली असणार. विहिरीपाशी बघा. दोघांना एकच खड्डा पुरेल म्हणा. तिच्या जिभेला वेगळा लागेल, ती गोष्ट निराळी.”

मी कोपऱ्यावरून वळले. “क्विरिन, माझा खड्डा मी सांगेन तिथे खणायचा.”

त्यानं फावडं टाकलं आणि छातीवर क्रूस काढला. दोनदा. मी थांबले नाही.

वेदीमागच्या खोलीत गेरेऑन फरशीवर गुडघे टेकून बसला होता. कॉम्प्युटरचं पोट उघडं, हातात मेमरीच्या हिरव्या पट्ट्या, तोंड पिठासारखं पांढरं.

“आई, मयताचं बटण मी दाबलं नाही. शपथ.”

“रोसविताचं काय झालं?”

“रोसविताचं? काय झालं रोसविताला?”

“ते मी तुला विचारतेय! आधी सेव्हेरिनसाठी वाजवलीस, मग दोन-दोनची कुणासाठी वाजवलीस?”

त्याच्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. “बाबा गेले?” त्यानं विचारलं, आणि तिथेच, मेणबत्त्यांच्या कपाटाला टेकून, तोंड झाकून रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. एवढा मोठा बाप्या.

मला काही उमगेना. “तुला फादरनी कळवलं नाही?”

“मला कुणीच काही कळवलं नाही.”

“मग घंटा कुणासाठी?”

“कुणासाठीच नाही,” तो नाक पुसत म्हणाला. “कॉम्प्युटरनं बाराची घंटा वरच्या नव्या खोल्यांत नेऊन ठेवली. तो आता मोठे नंबर मोजतो. पण मोटारी चालवणारं कार्ड जुनं आहे, त्याला कुणी ते शिकवलं नाही. नंबर मोठा आला की ते पुढचा आकडा गाळतं आणि उरलेल्या नंबरच्या घराचं दार वाजवतं. खाली. त्या घरात पुरुषांच्या मयताची घंटा होती.”

“आणि बाईची?”

“ती शेजारच्या घरात. मी म्हटलं, बाराची पुन्हा एकदा वाजवून बघावी, तर या वेळी तिचं दार वाजलं.”

“एकदा मारून तुझं भागलं नाही.”

  घरी मी न उचललेला फोन आत्ता कुठे माझ्या डोक्यात पुन्हा वाजायला लागला.

त्याचा खिशातला फोन त्या जाड भिंतींत चालत नव्हता. बाहेर कबरींपाशी आलो. भिंतीच्या कडेला एकाच कोपऱ्यात रेंज येते, तिथे एका जुन्या सरपंचाच्या कबरीच्या दगडावर तो चढला. खाली क्विरिन, हुबेर्टिन, अर्ध्या दाढीचा माणूस, असं निम्मं गाव जमलेलं. कुणी मला हात लावून बघत होतं. गेरेऑननं नंबर दोनदा चुकवला.

मग त्यानं फोन माझ्या कानाला लावला.

“आई?” रोसविताचा आवाज. जिवंत आणि चिडलेला. “कधीची फोन करतेय. मेलात का सगळे?”

मला बोलताच येईना. गाव म्हणेल, ओडिलियाला बोलता आलं नाही. म्हणू दे.

“बाबा जागे झालेत. विचारतायत, बाराची घंटा नीट वाजली का.”

मी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. काळे स्वेटर, टोप्या हातात.

“सांग,” मी म्हटलं, “गावानं एक ठोकासुद्धा चुकवला नाही ऐकायचा.”

फोन ठेवला. हुबेर्टिननं सुस्कारा सोडला आणि म्हणाली, “आता त्या केकचं काय करू?” क्विरिन फावडं पाठीमागे लपवायला बघत होता, पण ते त्याच्यापेक्षा उंच होतं. गेरेऑन सरपंचाच्या दगडावरून उतरला आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. माझं तोंड आता काय सोडणार म्हणून सगळं गाव सरसावून उभं होतं. माझ्याकडे माल तयार होता, चांगला धार लावलेला.

“गेरेऑन,” मी म्हटलं, “मूर्ख आहेस तू, आणि माझं हे मत मी मरेपर्यंत बदलणार नाही. पण तो गेला असं समजून माझ्याआधी तू रडलास. चल, गाडी काढ, इस्पितळात जाऊ. आणि हात दे मला, फाटकाची एवढी पायरी उतरवत नाहीये.”